वामनभाऊंचं विमानतळ

केनवडच्या शिवारात वामनभाऊंचं वावर कुणाला विचारत बसावं लागत नाही. मधोमध बांबूला जुनं लुगडं बांधलेलं दिसलं, की तेच. वारा कुठून आहे हे वरून येणाऱ्याला कळावं, म्हणून ते बांधलंय. त्याच्याखाली वखरून, फळी मारून सपाट केलेली लांबच लांब पट्टी. तिच्यात वामनभाऊ गवताची काडी उगवू देत नाहीत. गाव तिला विमानतळ म्हणतं आणि शेवटचं विमान किती वाजता सुटतं, असं विचारतं. वामनभाऊ चिडत नाहीत. "खाली जागा पाह्यजे," एवढंच म्हणतात.

हे वाक्य त्यांना कुठेही चालतं. कुणी लग्न ठरवो, नोकरी सोडो, नाहीतर नुसता चिंचेवर चढो, "चढून राह्यला, पण खाली जागा पाह्यली काय?" माझा बदलीचा अर्जही त्यांनी याच वाक्यावर मोडीत काढला. मी गावच्या शाळेत मास्तर आणि त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून माझंही तीन एकर आहे.

दोन वर्षांमागे त्यांच्या वावरात खरंच विमान उतरलं. शिकाऊ, दोन माणसांचं, आत एकटीच मुलगी. हवेत इंजिन बंद पडलं आणि ते आवाज न करता खाली येऊ लागलं. वामनभाऊ सांबार काढत होते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पिकात ढोर शिरल्यावर माणूस जे करतो, तेच त्यांनी केलं. काठी घेऊन विमानाच्या अंगावर धावले. "हाट! हाट! सांबारातून निंग!" विमानाने ऐकलं नाही. अर्धा वाफा तुडवून ते धुऱ्याच्या चार हात अलीकडे थांबलं. मी धावत पोचलो, तेव्हा सगळ्या शिवारात सांबाराचा वास सुटला होता. मुलगी चाकाशी फतकल मारून बसली होती आणि वामनभाऊ काठी पाठीमागे लपवून तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरून उभे होते.

"पे, माय. सांबाराचं काय, पुन्हा येते."

तिने पहिला फोन बापाला लावला. "बाबा, मी उतरले." पलीकडचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. "तू आहेस तिथेच थांब. मी येतो." दिवस मावळायच्या आत तो माणूस कुठून कुठून गाडी हाकत आला आणि तुडवलेल्या सांबारात बसून लेकीला धरून रडला. वामनभाऊ बाजूला उभे राहून बघत होते. विमान उचलून नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वखर जुंपला.

यंदा वामनभाऊंची बायको, आमच्या वहिनी, माझ्याकडे आल्या. "मास्तर, तुमीच सांगा यायले. त्या पट्टीत हरभरा पेरू द्या म्हणा. दोन वर्स झाले, एक चिमणी नाही उतरली तिथं."

मी गेलो. मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "भाऊ, ते विमान थोडंच परत येणार आहे?"

"मले काय तेवढं समजत नाही?" खडे वेचता वेचता ते थांबले. "मास्तर, रेखा निंगाली तवा मी काय म्हणलो, मालूम हाय तुमाले?"

रेखा त्यांची एकुलती एक लेक, माझी विद्यार्थिनी. स्वतःच्या मनाने लग्न करून गेली, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं.

"या घरात तुले जागा नाही, असं म्हणलो. उंबरठ्यावर उभी होती पोरगी." त्यांनी हातातला खडा टोपल्यात टाकला. "त्या पोरीनं फोन लावला अन् मले वाटलं, माही पोरगी कुठं अशी पडली, तं फोन कोणाले लावीन?"

रेखाचा नंबर मी तिच्या वर्गमैत्रिणीकडून मिळवला. दोन दिवस लागले. सात वर्षांत मला हे दोन दिवस सापडले नाहीत, याची लाज वाटली.

फोन पट्टीवर उभं राहूनच लावला. वहिनीही पेरणीची पिशवी घेऊन आल्या होत्या. "हॅलो, कोण?" रेखाचाच आवाज. मी फोन वामनभाऊंकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला.

"रेखा," ते म्हणाले, "तू हायेस तिथंच थांब. मी येतो. कुठं हायेस, तेवढं सांग."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. मग फोन कटला.

"काय म्हणे?" वहिनींनी विचारलं.

"आयकलं तिनं."

फोन माझ्या हातात देऊन ते खाली बसले आणि पुन्हा खडे वेचू लागले. वहिनी थोडा वेळ उभ्याच होत्या. मग त्यांनी हरभऱ्याची पिशवी धुऱ्यावर ठेवली आणि त्याही वेचायला बसल्या.