अण्णासाहेबांच्या मागचं बर्गन

रविवारी दुपारी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या हॉलमध्ये मराठी मंडळाची पंधरा माणसं दाटीवाटीने बसवून अण्णासाहेबांनी टीव्हीवर नॉर्वे सुरू केला. निमित्त सहलीचं, डोळा मंडळाच्या सांस्कृतिक सचिवपदावर. गेल्या वर्षी सोमनाथ राणेने पॅरिस दाखवून ते पद पटकावल्यापासून अण्णासाहेबांना अन्न गोड लागत नव्हतं. अल क्वोजमध्ये केटरिंगचा धंदा असलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं.

"हे बर्गन. जुनं बंदर. ही लाकडी घरं, शेकडो वर्षांची!"

पडद्यावर अण्णासाहेब होते.

"घरं कुठायत?" सोमनाथने विचारलं.

"माझ्या मागे."

पुढच्या फोटोतही अण्णासाहेबच होते. त्यांच्या मागे मासळीबाजार होता, असं त्यांनी सांगितलं. मग डोंगरावर जाणारी रेल्वे त्यांच्या मागून गेली. चाळिसाव्या फोटोला निम्मं मंडळ पेंगायला लागलं आणि सोमनाथ समाधानाने भजी खाऊ लागला.

"जेवणाचं काय केलंत, अण्णासाहेब?" गिरिजावहिनींनी विचारलं.

"एकदम झकास!" ते घाईने म्हणाले. बायको शालिनी गालातल्या गालात हसली.

पहिल्या दिवशी हॉटेलातलं माशाचं सूप किमतीच्या हिशेबात क्रोनरमधून दिरहममध्ये आणि दिरहममधून रुपयांत येईपर्यंत थंड झालं होतं. मग अण्णासाहेबांनी खोलीवर बॅग उघडून शेगडी, हिंग आणि लाल मिरच्या बाहेर काढल्या. पुढचं कुणाला कळलं तर सचिवपद गेलंच, म्हणून त्यांनी ते फोटो आपल्या फोनमधून पुसून टाकले होते. टीव्हीला मात्र लेकीचा, समिधाचा फोन जोडलाय, हे त्यांना आत्ता आठवलं.

"समिधा, खलास! बंद कर. यल्ला, चला, चहा आणा!"

"बट पप्पा, द बेस्ट वन इज नेक्स्ट!"

पडद्यावर दोन बंब उभे राहिले. हेल्मेटवाले जवान, छत्र्या घेतलेले शेपन्नास प्रवासी, आणि एका धिप्पाड जवानाच्या पाठीआडून डोकावणारे लुंगीतले अण्णासाहेब. हातात डाव.

पेंगणारे सगळे खडबडून जागे झाले.

"अगं बाई! आग लागली होती?" गिरिजावहिनी ओरडल्या.

"आग कसली! आमटीला फोडणी," शालिनी म्हणाली. "ठसका लागायच्या आत भोंगा वाजला. लाकडी वस्ती ती, धुराला फार भितात. घरांची सगळी रांग रिकामी केली. मी म्हणत होते, मिरच्या कमी टाका!"

अण्णासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हॉलमध्ये हशा उसळला, टाळ्या पडल्या. "परत दाखव गं!" अशी फर्माईश झाली. पॅरिसला असं काही झालं नव्हतं. गिरिजावहिनींनी तिथल्या तिथे सचिवपदासाठी अण्णासाहेबांचं नाव सुचवलं. सोमनाथही भजी ठेवून टीव्हीजवळ आला.

"तुम्ही लपलात म्हणून बंदर दिसलं हो! काय देखणं आहे!"

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढे वाकून पाहिलं. पाण्याकाठी तांबड्या, पिवळ्या, टोकदार छपरांच्या घरांची रांग उभी होती.

"शालिनी, हे एवढं सुंदर होतं? मला बोलली नाहीस!"

"चार दिवस तुमची पाठ होती ना तिकडे."