पेशींच्या तुटल्या हातांची आणि चौथ्या प्रहरीच्या फत्तेची हकीकत

श्री. चिरंजीव बाळांनी पुसिले की, शरीरातील पेशी जागा धरोन कैशा राहतात, वाहून का जात नाहीत. त्यांचे समाधानार्थ एका प्रयोगशाळेतील मोहीम घडली तैशी लिहिली आहे, चित्त देऊन ऐकावी.

संशोधक ताईंपाशी पेशींची शेवटची कुपी उरली होती. ती गारद जाहली तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. ताईंनी बशीचे तळास कोलॅजेन नामे चिवट प्रथिनाचे जाळे अंथरून पेशी वसविल्या, कारण उघड्या तळावर या पेशी मुक्काम करीत नाहीत. पेशीचे अंगावर ग्राहक प्रथिने नामे शिलेदार असतात. त्यांचा एक हात बाहेर जाळे धरितो, दुसरा आतले दोर धरितो, आणि पकड बसली म्हणजे आत खबर जाते की ठिकाण मिळाले, जगावे. खबर न पोचल्यास पेशी आपणच आपला गाशा गुंडाळिते, ऐसा त्या राज्याचा कायदा.

पुढे बशीत दाटी जाहली आणि पेशींची छावणी नव्या बशीत हलवणे प्राप्त जाहले. मग पकड सोडवणारा अर्क ओतिला. मुदत दोन मिनिटे. इतक्यात विभागप्रमुख बाईसाहेबांचा निकडीचा हुकूम आला की, भाषणाचे पडद्यावर मथळा निळा शोभतो की आकाशी, हुजूर येऊन मसलत द्यावी. मसलतीत बारा मिनिटे गेली, आणि तितक्यात अर्काने शिलेदारांचे हात छाटिले. ताईंनी धावत येऊन सीरम, म्हणजे रक्तातील निवळ, घालून अर्क आवरिला, पेशी जाळे अंथरलेल्या नव्या बशीत उतरविल्या. परंतु तासाने पाहतात तो सगळ्या वाटाण्यासारख्या गोल होऊन तरंगताहेत.

बाईसाहेबांनी सूक्ष्मदर्शकास डोळा लाविला आणि फर्माविले, “गेल्या सगळ्या! दोन मिनिटांचं काम, तेही धड नाही? टाकून दे.”

ताईंचे डोळे भरले. तेव्हा सव्वीस वर्षे तेथील बश्या धुणारे मामा कानाशी बोलिले, “ताई, हात तुटलेत, जीव नाही गेला. नवे फुटू द्या की! आणि सारखं उघडून बघू नका, बशी हिंदकळते.”

ताईंनी हुकुमास “हो, बाई” म्हटले आणि बशी गुपचूप उबदार पेटीत ठेविली. मग पेशींनी आपले कारखान्यात नवे शिलेदार घडविले, अंगावर पाठविले, आणि त्यांनी एकेक करून जाळे पकडिले. चौथ्या प्रहरी ताईंनी बशी हलकेच कलती केली. थोड्या पेशी घरंगळल्या, बाकीच्या पाय पसरून ठाण मांडून बसल्या होत्या. ताईंनी बाईसाहेबांस बोलावून बशी दाखविली.

बाईसाहेबांनी पाहोन फर्माविले, “मी म्हणतच होते, धीर धर.”

सबब नोंद केली ऐसीजे: शेवटची कुपी वाचली, तीन वर्षे वाचली, फत्ते जाहली. मामांनी दारावर पाटी लाविली की, आत अर्काने पेशी सुटत आहेत, कोणी हाक मारू नये. आणि दुसरे दिवशी त्या पाटीपुढे पहिल्या खोळंबल्या त्या बाईसाहेब, हाती दोन रंगांचे कागद घेऊन.