ऑर्व्हिलचा सर्वगुणसंपन्न टाइट एन्ड

“माझ्याकडे एक चांगला टाइट एन्ड असला, की बाकीची निम्मी टीम घरी बसून सूप प्यायली तरी चालेल!”

ऑर्व्हिल स्टेनबर्गने जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली, आणि त्याची बायको लॉरेन हिने आधी पाण्याचे ग्लास सावरले. लग्न झाल्यापासून ती हे वाक्य ऐकत आली होती. फरक एवढाच, की आज समोर मालक बसले होते!

मालक म्हणजे मिस्टर लिओपोल्ड झास्ट्रो. पोर्ट एलमोरच्या ‘लम्बरजॅक्स’ या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल टीमचे मालक, आणि त्याआधी सॉसेजच्या कारखान्याचे. डुकराचं शेपूट वाया गेलेलं ज्यांना खपत नाही, त्यांना नुसत्या टाइट एन्डसाठी एक वेगळा प्रशिक्षक पोसणं कसं खपावं? हंगाम संपला की ऑर्व्हिलची जागा रद्द होणार, अशी कुजबुज केशकर्तनालयापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती.

लॉरेनला अन्न गोड लागेना. त्या काळी फुटबॉल प्रशिक्षकाच्या बायकोचा संसार खोक्यांतच असायचा. तिने ओक्लाहोमात हौसेने पडदे शिवावेत, तर टीम हरायची, नोकरी जायची आणि ओहायोच्या खिडक्या भलत्याच मापाच्या निघायच्या. पोर्ट एलमोरच्या या घरात मात्र आयुष्यात पहिल्यांदा पडदे खिडक्यांना बसले होते! मागच्या अंगणात तिने लायलॅकचं रोप लावलं होतं. लायलॅक लावणाऱ्याला फुलांसाठी काही वर्षं वाट पाहावी लागते. लॉरेनला वाट पाहायची होती. तिचं मागणं एवढंच होतं.

म्हणून तर तिने मालकांना सपत्नीक जेवायला बोलावलं होतं. “तू फक्त जेव आणि हस,” असं तिने ऑर्व्हिलला दहादा बजावलं होतं.

“पण हा टाइट एन्ड करतो तरी काय?” मिसेस झास्ट्रोंनी आपलं सहज विचारलं, आणि लॉरेनने डोळे मिटून घेतले.

“बघा हं!” ऑर्व्हिलने खिम्याच्या मीटलोफचे काप ताटातून उचलून टेबलक्लॉथवर ओळीने मांडले. “ही आपली भिंत. हे गडी फक्त ढकलतात. पुढे फेकलेला चेंडू यांनी झेलायचा नाही, तसा नियमच आहे. आता ही सेलरीची कांडी म्हणजे पळणारे. हे पळतात, झेलतात, आणि कुणाला ढकला म्हटलं की यांची नखं दुखतात! आणि हा...” त्याने भांड्यातला सगळ्यात मोठा बटाटा भिंतीच्या टोकाला ठेवला. “हा टाइट एन्ड! ढकलायला बैल, पळायला घोडा! आता हा अंगावर येणार की चेंडू झेलायला सुटणार, हे समोरच्याला कळतच नाही!”

आणि त्याने बटाटा सोडला! बटाटा रश्श्याच्या भांड्याला धडकला, हिरव्या जेलीला वळसा घालून गेला आणि मिसेस झास्ट्रोंच्या रेशमी मांडीवर जाऊन विसावला.

लॉरेन नॅपकिन घेऊन धावली.

“टचडाउन,” मिस्टर झास्ट्रो म्हणाले. हसले मात्र नाहीत. “स्टेनबर्ग, तुमचा हा बटाटा मला रविवारी मैदानात दाखवा. एक माणूस खरोखर एवढी कामं करताना दिसला, तर पुढच्या वर्षी तुम्ही इथेच. नाही दिसला तर...” त्यांनी भिंतीतला एक गडी काट्याने उचलला आणि तोंडात टाकला.

ऑर्व्हिलच्या खऱ्या बटाट्याचं नाव होतं ड्वेन पोकोर्नी. पण सगळे त्याला ‘टायनी’, म्हणजे इवलासा, म्हणायचे, कारण तो दारातून आत आला की खोलीत संध्याकाळ व्हायची. नेब्रास्काच्या शेतावरचा पोरगा. शर्टावर सत्त्याऐंशी नंबर, आवाज कोकरासारखा, आणि सांगितलेलं ऐकायची वाईट खोड. ‘नाही’ हा शब्द त्याच्या आईने त्याला शिकवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलने प्रशिक्षकांच्या बैठकीत पुन्हा तीच फुशारकी मारली. झालं! भिंतीच्या गड्यांचा प्रशिक्षक बड हॅगर्टी टपूनच बसला होता.

“माझा डावीकडचा गडी लंगडतोय, ऑर्व्हिल. काही झालं तर तुझा टायनी त्याच्या जागी उभा राहील?”

“उभा राहील? अरे, झोपेत उभा राहील!”

चेंडूला लाथ मारणाऱ्यांच्या प्रशिक्षकाने मान पुढे काढली. “आणि पायांमधून मागे चेंडू फेकायला? माझ्या पोऱ्याचा अंगठा सुजलाय.”

“टायनी फेकेल!”

“आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे वाट मोकळी करायला?” तिसऱ्याने विचारलं.

“तेही करेल! तुम्ही मागाल ते करेल!”

ऑर्व्हिल छाती फुगवून घरी आला. “लॉरेन, टायनीसाठी भांडणं लागलीत तिथे!” त्याला वाटलं होतं हा विजय. लॉरेनला मात्र चर्चच्या जत्रेत सगळ्यांना ‘हो’ म्हणून बसलेल्या बाईची गत आठवली.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर टकटक झाली. दारात टायनी. काखेत चार जाडजूड फायली, डोळे तारवटलेले.

“मिसेस स्टेनबर्ग, कोच आहेत का?”

“नाहीत रे. मागच्या सामन्याची फिल्म बघायला गेलेत. काय झालं?”

“मला फक्त एवढंच विचारायचं होतं,” टायनी रडवेल्या आवाजात म्हणाला, “की मी कोण आहे?”

लॉरेनने त्याला बसवलं. खुर्ची कण्हली. सफरचंद भरलेला अख्खा ‘ॲपल पाय’ त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा कुठे तो बोलता झाला.

“कोच स्टेनबर्ग म्हणतात, ढकल आणि पळ. कोच हॅगर्टी म्हणतात, ढकल पण पळू नकोस. तिसरे म्हणतात, आधी पळ आणि मग ढकल. आणि चौथे म्हणतात, वाक आणि मागे बघ! काल रात्री मी झोपेत उशीला ढकललं आणि दिवा झेलला!”

लॉरेनला भडभडून आलं. फुटबॉलमधलं तिला अर्धमुर्धं कळायचं, पण एकाच वेळी चौघांची कामं करणं तिला नवं नव्हतं.

“हे बघ, राजा,” ती त्याच्या भल्यामोठ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “मी घरात काय करते सांगू? पुढचं-मागचं डोक्यात ठेवत नाही. समोर येईल ते करते. भांडं आलं तर घासते, पाहुणा आला तर वाढते. तूसुद्धा तसंच कर. समोर येईल ते कर!”

टायनीचा चेहरा उजळला. “समोर येईल ते! हे मला कुणी सांगितलंच नाही बघा!” चारही फायली तिथेच ठेवून तो शीळ घालत निघून गेला.

रविवारी सरोवरावरून असा वारा सुटला होता, की लोकांच्या मिशांवर बर्फ धरत होता. प्रशिक्षकांच्या बायका नेहमीप्रमाणे एका रांगेत, एकाच घोंगडीचं टोक ओढत बसल्या होत्या. वर काचेच्या खोलीत मिस्टर झास्ट्रो दुर्बीण लावून होते.

आणि काय सांगावं! टायनीने कमाल केली. समोर माणूस आला, त्याला आडवा केला. चेंडू आला, झेलला. वाकायची पाळी आली, वाकला आणि पायांमधून चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा मागे सोडला.

“तुमचा टायनी आज बँडही वाजवणार का गं?” डोलोरेस हॅगर्टीने खोचकपणे विचारलं.

“वाजवेल की! ट्रम्पेट तेवढं समोर येऊ दे!” लॉरेन म्हणाली. काचेच्या खोलीतली दुर्बीण टायनीच्या मागोमाग फिरताना तिला दिसत होती. अंगणातलं लायलॅक तिच्या डोळ्यांपुढे फुलायला लागलं होतं.

सामना संपत आला. लम्बरजॅक्स थोडक्यात मागे होते. चेंडू रेषेपार नेऊन एक टचडाउन केला, की जिंकले! तेवढ्यात बडचा लंगडणारा गडी खाली बसला तो उठेचना.

“टायनी! भिंतीत!” बड ओरडला.

आता नियम असा, की झेलणाऱ्याचा नंबर अंगावर असलेला गडी भिंतीत उभा राहणार असेल, तर त्याने आधी पंचाला जाऊन सांगायचं: आत्ता मी भिंत आहे, मी चेंडू झेलणार नाही. टायनी शहाण्या मुलासारखा गेला, टोपीला हात लावल्यासारखं करून पंचाला सांगून आला. भोंग्यावरून घोषणाही झाली. साऱ्या स्टेडियमने ती ऐकली.

ऐकली नाही ती फक्त एकाने. चेंडू फेकणारा स्किप लानाहान तेव्हा हेल्मेटच्या कानात बोट घालून बर्फ काढत होता!

डाव सुरू झाला. स्किपच्या अंगावर समोरचे चौघे धावून आले. झेलणारे सगळे जखडलेले. जीव मुठीत धरून पळताना त्याला दिसला तो ओळखीचा सत्त्याऐंशी नंबर! वर्षभर अडीअडचणीला ज्याच्याकडे चेंडू फेकला, तो लाडका नंबर! त्याने डोळे मिटून फेकला.

आणि चेंडू टायनीच्या समोर आला!

“नको! नको!” इकडून ऑर्व्हिल किंचाळला. “सोड! सोड!” तिकडून बड. पण साठ हजार माणसांच्या गलक्यात कुणाचं कोण ऐकतंय! टायनीने चेंडू छातीशी कवटाळला आणि सुटला. तिघे जण त्याला लटकले, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. त्या तिघांसकट तो रेषेपार गेला!

स्टेडियम उसळलं. घोंगडी हवेत उडाली. डोलोरेसने लॉरेनला मिठी मारली. आणि त्याच वेळी, पिवळ्या फुलासारखा अलगद, पंचाचा नियमभंगाचा रुमाल बर्फावर येऊन पडला.

टचडाउन बाद. सामना गेला.

बाहेर पडताना टायनी लॉरेनला भेटला. “मिसेस स्टेनबर्ग, मी तुम्ही सांगितलं तस्संच केलं! समोर आलं आणि...”

“श्शू! जेवलास का तू?” लॉरेन घाईघाईने म्हणाली.

सोमवारी सकाळी ती गॅरेजमधून खोकी घेऊन आली आणि वर्तमानपत्रात बशा गुंडाळू लागली. पडद्यांकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. ऑर्व्हिल कॉफीचा कप धरून भिंतीकडे बघत बसला होता.

“कुठे जाऊ या म्हणतोस?” तिने विचारलं.

“कॅनडात एक टीम आहे म्हणे.”

“तिथल्या खिडक्या केवढ्या असतात?”

फोन वाजला. ऑर्व्हिलने उचलला. “हो, मिस्टर झास्ट्रो... चूक माझीच, मिस्टर झास्ट्रो... काय? ...खरंच? ...सगळं?” तो खुर्चीतून उठला. मग खुर्चीवर चढला! फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा दिवाणखान्यातल्या झुंबरापेक्षा जास्त चमकत होता.

“लॉरेन! बशा सोड! आपण इथेच राहतोय! मालकांना माझं तत्त्व शंभर टक्के पटलं! म्हणाले, स्टेनबर्ग, सामना गेला खड्ड्यात. पण एकटा माणूस चौघांचं काम करतो, हे काल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! बड त्याच्या गावच्या कॉलेजात प्रशिक्षक म्हणून चाललाय, लाथांचा प्रशिक्षक निवृत्त होऊन फ्लोरिडाला. तर त्या दोघांच्या जागी नवीन माणसं घेणारच नाहीत! टाइट एन्ड, भिंत आणि लाथा, तिन्हींचा प्रशिक्षक मीच!”

लॉरेन मटकन खोक्यावर बसली. पडदे राहिले. लायलॅक राहिलं. तिने डोळे पुसले, आणि मग त्या पुसलेल्या डोळ्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

“आणि पगार?”

ऑर्व्हिल खुर्चीवरून खाली उतरला. साखर न घातलेली कॉफी तो ढवळू लागला.

“पगाराच्या बाबतीत,” तो म्हणाला, “ते तत्त्व त्यांना अजून तितकंसं पटलेलं नाही.”

लॉरेनने कागदातून एक बशी सोडवली, पुसली आणि कपाटात ठेवली. मग दुसरी सोडवली. ती मात्र ठेवण्याआधी तिने हातात जरा तोलून पाहिली, आणि मग ऑर्व्हिलच्या डोक्याकडे पाहिलं.