वरच्या कप्प्यातला डबा

स्वयंपाक ही काही फार अवघड गोष्ट नाही, लोक उगीच बाऊ करतात, असं माझं परवापरवापर्यंत ठाम मत होतं. मी मोटार ड्रायव्हिंग शिकवतो. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या हातातली गाडी भर चौकातून सुखरूप बाहेर काढतो आहे. क्लच म्हटलं की ॲक्सिलरेटर दाबणारी माणसं मी पाहिली आहेत. वळण आलं की डोळे गच्च मिटून घेणारी पाहिली आहेत. अशा माणसाला गॅसच्या तीन शेगड्या काय घाबरवणार!

त्यातून बायकोला खरोखरच मदतीची गरज होती. निदान मला तसं वाटलं.

बायको घरी जुनी पुस्तकं बांधते. पानं सुटलेली, पाठ उसवलेली, वाळवीनं कडा कुरतडलेली पुस्तकं लोक आजारी पोरासारखी छातीशी धरून आणतात. ती त्यांना सुईदोऱ्यानं शिवते, नवा पुठ्ठा आणि कापड चढवते आणि धडधाकट करून परत पाठवते. आमचं जेवणाचं टेबल नावापुरतंच जेवणाचं. त्याच्यावर पुठ्ठे, कातऱ्या, दोऱ्याची रिळं आणि पुस्तक दोन फळ्यांत आवळून धरणारा एक लाकडी शिकंजा असतो. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

नऊ वर्षं तिचं काम असं एकेका पुस्तकावर चाललं होतं. मग आमच्या भागातल्या वाचनालयानं तीनशे जुनी पुस्तकं नव्यानं बांधून घ्यायचं ठरवलं. तीनशे! म्हणजे दोन वर्षांचं काम. एका छापखान्यानंही हे काम मागितलं होतं आणि त्या छापखान्याचा मालक म्हणजे वाचनालयाच्या अध्यक्षबाईंचा सख्खा भाचा. तरी ग्रंथपालांनी आग्रह धरून बायकोकडे नमुन्यासाठी एक फाटका शब्दकोश पाठवला. रविवारी दुपारी एक वाजता ग्रंथपाल आणि अध्यक्षबाई येऊन शब्दकोश बघणार आणि काय तो निर्णय देणार. आता दुपारी एकला येणाऱ्या माणसाला नुसता चहा देऊन कसं चालेल? बायकोनं त्यांना जेवायलाच बोलावलं आणि जेवण बाहेरून मागवू म्हणाली.

हे मला लागलं. मी असताना बाहेरून?

"तू फक्त टेबल मोकळं कर," ती म्हणाली. "बाकी काही करू नकोस."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"टेबल मोकळं करण्याइतका आहे."

अशा वेळी माणूस इरेला पेटतोच. मी जाहीर केलं की सूप, कोशिंबीर, पाव आणि मुख्य म्हणजे व्हाइट सॉसमधल्या भाजलेल्या भाज्या, हा सगळा बेत मी एकटा करणार. ती शब्दकोश शिवण्यात गुंतली होती, दोरा तिच्या दातांत होता. तिनं नुसता हात हलवला. तो "कर" असा होता की "मर" असा, हे मी विचारलं नाही.

व्हाइट सॉस मला एका हॉटेलच्या आचाऱ्यानं सांगितला होता. त्याला मी गाडी मागे घ्यायला शिकवत होतो. लोण्यात मैदा परतायचा, लवंग घालून उकळलेलं दूध हळूहळू ओतायचं आणि ढवळत राहायचं. हे तो सांगत असताना गाडी दोनदा खांबाला टेकली. त्यामुळे कृतीतला मधला भाग माझ्याकडून थोडा निसटला असावा. शनिवारी दुपारी पहिल्यांदा केला तेव्हा सॉसमध्ये गोट्या झाल्या. दुसऱ्यांदा करपला. तिसऱ्यांदा मात्र असा झाला की विचारू नका. पांढराशुभ्र, दाट, तुकतुकीत. मी तो आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात भरला आणि फ्रिजमध्ये ठेवला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बायको पुस्तकांसाठी लागणारी खळ घरीच शिजवते. मैदा, पाणी, किडे लागू नयेत म्हणून थोडी तुरटी आणि लवंगेच्या तेलाचे थेंब. ती खळही पांढरीशुभ्र, दाट आणि तुकतुकीत असते. तीही आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यातच असते, कारण आमच्या घरी आइसक्रीम एकाच कंपनीचं येतं. पण घोटाळा होण्याचं काही कारण नव्हतं. खळ नेहमी खालच्या कप्प्यात आणि सॉस मी वरच्या कप्प्यात ठेवला होता.

रविवारी सकाळी मी फ्रिज आवरला.

का आवरला? पाहुणे येणार म्हणून! पाहुणे काही फ्रिज उघडून बघणार नव्हते, हे आता मला कळतं. तेव्हा मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो होतो. सगळं बाहेर काढलं, कप्पे पुसले आणि सगळं पुन्हा नीट आत लावलं. नीट म्हणजे माझ्या दृष्टीनं नीट.

थोड्या वेळानं बायको आली, खालच्या कप्प्यातला डबा काढून घेऊन गेली. जुन्या पुस्तकांची धूळ तिला सोसत नाही, त्यामुळे काम करताना ती तोंडावर मास्क लावते. वास बिस येण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून तिचा आवाज आला, आज खळ फार सुरेख जमली आहे, ब्रश अगदी लोण्यावरून फिरावा तसा फिरतोय. मी आतून म्हणालो, वा, छान. मनापासून म्हणालो.

मग मी वरच्या कप्प्यातला डबा काढला. फ्रिजमध्ये सॉस जरा घट्ट झाला होता. लवंगेचा वास मात्र मस्त येत होता. मी त्यात मिरपूड घातली, बटाटे, मटार आणि फ्लॉवरवर तो सढळ हातानं पसरला, वर चीज किसलं आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. पाऊण तासानं बाहेर काढलं तेव्हा वर असा सोनेरी पापुद्रा धरला होता की मी त्याचा फोटो काढून आचाऱ्याला पाठवला. त्यानं उलट टपाली अंगठा पाठवला.

बरोबर एक वाजता पाहुणे आले. ग्रंथपाल किरकोळ अंगाचे, खाली मान घालून चालणारे. त्यांना वाक्य पूर्ण करण्याची सवयच उरली नव्हती, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य अध्यक्षबाई पूर्ण करायच्या. बाईंचा आवाज जिना चढायच्या आधीच वर पोचला. दारात त्या रस्त्याबद्दल बोलल्या, चपला काढताना जिन्याबद्दल, बसताना खुर्चीबद्दल. ग्रंथपाल म्हणाले, "आपण जर आधी पुस्तक..." बाई म्हणाल्या, "जेवणानंतर बघू, थंड होईल ते." आणि मग भाचा कसा हुशार, त्याच्याकडे कशी यंत्रं आहेत, दिवसाला किती पुस्तकं बाहेर पडतात, हे त्या सूप संपेपर्यंत सांगत राहिल्या. बायकोचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. मी ठरवलं, आता आपली भाजीच तिला तारेल.

बाईंना मी सगळ्यांत आधी आणि भरपूर वाढलं. चमचा जरा जोर लावून उपसावा लागला. चीज चांगलं असलं की असं होतं, मी म्हणालो. ग्रंथपाल मात्र काही वाढून घ्यायच्या आत, टेबलावरून कोपऱ्यात हलवलेल्या शिकंज्यापाशी जाऊन उभे राहिले होते. पुस्तक समोर असताना त्या माणसाला जेवण सुचत नसावं.

बाईंनी पहिला घास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. म्हणजे उघडायला गेल्या. भुवया वर गेल्या, गाल आत गेले, ओठांचा चंबू झाला, पण तोंड काही उघडेना. घास खालीही जाईना आणि बाहेरही येईना. पुढे असं समजलं की त्यांच्या वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. तुरटीनं तोंड आकसलं होतं, लवंगेच्या तेलानं जीभ बधिर झाली होती. मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, बाईंना चव इतकी आवडली की शब्द सुचत नाहीत. मी आणखी एक चमचा वाढला.

खोलीत अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या शांततेत ग्रंथपालांनी शिकंजा सैल केला आणि शब्दकोश हातात घेतला. पुठ्ठ्यावर मोठाले तेलकट डाग उमटले होते. त्यांनी पुस्तक जरा तिरपं केलं, आणि कापडासकट सगळं कव्हर साबणाची वडी हातातून निसटावी तसं घसरून जमिनीवर पडलं.

बायको ताडकन उठली. तिनं मास्क नसलेल्या नाकानं तो पुठ्ठा हुंगला. मग माझ्या भाजीकडे पाहिलं. मग बाईंच्या ओठांच्या चंबूकडे. ती मला एरवी अरेतुरे करते. "अहो" म्हणते ती फक्त दोनच प्रसंगी, माझ्या आईसमोर आणि संतापली की. आई तिथे नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही कुठला डबा घेतलात?"

"वरच्या कप्प्यातला."

"आणि फ्रिज कुणी आवरला?"

नऊ वर्षांचं काम, पुढच्या दोन वर्षांची आशा, सगळं त्या जमिनीवर पडलेल्या कव्हरासारखं झालं होतं आणि ते मी एकट्यानं केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ती शांतपणे पाहुण्यांकडे वळली आणि काय झालं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. पुस्तकाला सॉस लागला आहे, भाजीत खळ आहे, खळीत विषारी काही नाही, पण चूक आमची आहे आणि नमुना बिघडलाच आहे, तेव्हा काम दुसऱ्याला दिलंत तर माझी तक्रार नाही. मी कोमट पाणी आणायला धावलो. तेवढंच माझ्या हातात होतं.

परत आलो तर ग्रंथपाल खिडकीपाशी उजेडात उभे होते. कव्हर गळून पडलेला शब्दकोश त्यांच्या हातात उघडा-वाघडा होता आणि ते त्याच्या पाठीवरून बोट फिरवत होते. पाठीवर बायकोची शिलाई दिसत होती. पानांची एकेक जुडी स्वतंत्र शिवलेली, दोरा सगळीकडे सारखा ताणलेला, कुठे गाठ नाही की ढिला टाका नाही. कव्हर असतं तर हे कुणाला कधीच दिसलं नसतं. त्यांनी पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांविना उलटं धरून झटकलं. एक पान हललं नाही.

"नुसतं चिकटवलेलं असतं," ते म्हणाले, "तर आत्ता ही हजार पानं जमिनीवर असती. हे शिवलेलं आहे. मला तीनशे पुस्तकं अशी शिवून हवी आहेत."

वाक्य पूर्ण झालं. ते स्वतःच दचकले. सवयीनं त्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, त्यांनी पिशवीतून ठरावाची वही काढली. "अध्यक्षांची हरकत नसावी," ते म्हणाले. बाई जोरजोरात "म्म! म्म!" करत हात हलवू लागल्या. "हरकत नाही, असं लिहितो," असं म्हणत त्यांनी लिहूनही टाकलं. मी पाण्याचा ग्लास हातात धरून मध्येच उभा राहिलो. द्यावा की जरा थांबावं? आयुष्यात इतका मोठा नैतिक पेच माझ्यापुढे कधी आला नव्हता. बायकोनं माझ्या हातातून ग्लास ओढून घेतला आणि बाईंना नेऊन दिला.

तिसऱ्या चुळीला कवळ्या सुटल्या. बाईंनी रुमालानं तोंड पुसलं. ग्रंथपालांनी वही पाठीमागे लपवली. मी डोळे मिटले.

"अहो, मी मघापासून तेच तर सांगतेय," बाई बोबड्या जिभेनं म्हणाल्या. "काम यांनाच द्या. भाच्यानं माझ्याच घरचा ग्रंथ बांधला होता. महिन्याभरात पत्त्यांच्या डावासारखा हातात आला. पण आता भाचाच तो, चारचौघांत मीच कसं म्हणू?"

ग्रंथपालांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यातलं पहिलं बंड त्यांनी केलं, आणि तेही समोरच्याला हवंच होतं! पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. बाईंची जीभ संध्याकाळपर्यंत जड राहणार होती, तोवर त्यांनी आणखी सहा-सात वाक्यं पूर्ण करून घेतली. जेवणाचं म्हणाल तर सगळ्यांनी पाव आणि कोशिंबीर खाल्ली. जाताना बाईंनी बायकोची पाठ थोपटली. माझ्याकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या, ते बोबडं असल्यामुळे मला नीट कळलं नाही. बायकोला कळलं, पण ती सांगत नाही.

आता घरात तीनशे पुस्तकं आली आहेत. जेवणाच्या टेबलावर जागा उरलेली नाही, सोफ्यावर नाही, माझ्या बाजूच्या अर्ध्या पलंगावरही नाही. फ्रिज आवरायला मला बंदी आहे. बायको आता पुन्हा अरेतुरे करू लागली आहे, म्हणजे राग बराचसा निवळला असावा.

एक गोष्ट मात्र मी तिला अजून सांगितलेली नाही. पाहुणे गेल्यावर ती भाजी टाकून ये, असं तिनं मला बजावलं होतं. मी भांडं घेऊन आत गेलो आणि इतक्या मेहनतीनं केलेली भाजी टाकवेना, म्हणून उभ्या उभ्या थोडी चाखली. मग आणखी थोडी. मग भांडं घासून ठेवलं. तुम्हाला म्हणून सांगतो, वाईट नव्हती. मीठ जरा कमी होतं, एवढंच.