बाबांचं तिसरं कार्ड

मुलीची मुलाखत अकरा वाजता होती आणि बाबांनी साडेनऊला कॉम्प्युटर उघडला. हेतू चांगला होता. बाबांचे हेतू नेहमीच चांगले असतात, घरच्यांना धास्ती असते ती त्याचीच.

मुलगी दीड वर्ष नोकरीशिवाय घरी होती. आजची नोकरी नेटवर्क सांभाळण्याची होती आणि मुलाखत घरातूनच, व्हिडिओवर. घरातलं सगळं इंटरनेट हॉलमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरमधून फिरायचं. त्यात दोन नेटवर्क कार्डं होती, एकात बाहेरून येणारी वायर, दुसऱ्यात घरात जाणारी. आपल्या बातम्या पाहण्यामुळे लेकीची मुलाखत अडखळू नये म्हणून, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी भंगारवाल्याकडचं तिसरं कार्ड खास आपल्या खोलीसाठी बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि इंटरनेट गेलं.

"बाबा, काय केलंत?"

"कुठे काय! वायरी जिथल्या तिथे आहेत. चिठ्ठ्यासुद्धा लावल्यात मी, ही झिरो, ही वन."

मुलीने कपाळाला हात लावला. "मशीन कुठे तुमच्या चिठ्ठ्या वाचतंय? सुरू होताना आतल्या ड्रायव्हरना, म्हणजे कार्डं चालवणाऱ्या प्रोग्रॅमना, जे कार्ड आधी सापडेल ते झिरो, मग वन, मग टू. तुमचं कार्ड आधी सापडलं. बाहेरच्या लायनीचं सेटिंग आता त्याच्या गळ्यात पडलंय."

"म्हणजे रांगेत घुसलं मेलं!" बाबा ओशाळले.

मुलगी मुकाट्याने पडद्यासमोर बसून बाहेरच्या लायनीचं सेटिंग पुन्हा जुन्या कार्डाला देऊ लागली. बाबांना काही चैन पडेना. ते टेबलाखाली शिरले आणि त्यांनीही मुकाट्याने बाहेरची वायर काढून नव्या कार्डात खोचली. "आता बघ," दोघं एकदमच म्हणाली. इंटरनेट बंदच. आपलंच चुकलं असं वाटून मुलीने सेटिंग पूर्ववत केलं, आणि आपलंच चुकलं असं वाटून बाबांनी वायर पूर्ववत केली. पुन्हा तेच.

"दोघांपैकी एकाने हात बांधून बसा!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

बाबा हात बांधून बसले. घड्याळात अकराला दहा कमी होते. पोरीच्या तोंडचा घास आपण काढून घेतला, असं त्यांना वाटत होतं. मुलगी मात्र शांतपणे टाइप करत होती. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच मिळालेला एक क्रमांक असतो, तो पाहून तिने एकेकाला कायमचं नाव देऊन टाकलं. आता मशीन सुरू होताना कुठलंही कार्ड आधी उठो, नाव बदलणार नव्हतं.

मुलाखत अकरा वाजून चार मिनिटांनी सुरू झाली.

"उशीर का झाला?" समोरच्या बाईंनी विचारलं.

वीज गेली होती म्हणता आलं असतं. मुलीने खरं ते सगळं सांगितलं, टेबलाखालच्या बाबांसकट. बाई हसता हसता एकदम गंभीर झाल्या. "पुन्हा सुरू केलं की कार्डांचे नंबर बदलतील, याच भीतीने आमच्याकडे तीन वर्षांत कुणी मशीन बंद केलेलं नाही. सोमवारी येता का?"

बातमी ऐकून बाबांनी डोळे पुसले आणि चष्मा लावून पडद्यावरची नावं वाचली. पहिल्या कार्डाचं नाव 'बाहेर', दुसऱ्याचं 'घर'. तिसऱ्याचं 'बाबा'.

"अगं, भंगारातल्या कार्डाला माझं नाव?"

"मग काय! घरात सगळ्यांच्या आधी उठतं, आणि लुडबुड करतं ती माझ्यासाठीच."