गळका व्हॉल्व्ह आणि खालचा कालथा

जनार्दन पाटणकरांच्या गीझरचा व्हॉल्व्ह ऐन जूनमध्ये गळायला लागला. उन्हाळ्यात गीझर बिघडला तर बिघडला, असं चिपळूणच्या माणसाला वाटेल. पण मस्कतमध्ये गीझरचं खरं काम उन्हाळ्यातच असतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की अंगावर घेतलं तर माणूस सोलून निघावा. म्हणून लोक गीझरचं बटण बंद ठेवतात आणि त्याच्या पोटात निवलेलं पाणी गरम पाण्याच्या नळातून घेऊन आंघोळ करतात. मस्कतच्या दार्सैत भागातल्या त्यांच्या जुनाट इमारतीत सगळ्यांचं असंच चालायचं.

गंमत म्हणजे जनार्दनराव एका कंपनीच्या गोदामात व्हॉल्व्हचेच स्टोअरकीपर होते. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या फळीवर आहे हे ते झोपेतही सांगत. तो बसवायचा कसा, हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

घरात ते एकटेच. मुलीच्या, मनालीच्या दहावी-बारावीसाठी बायको शीला तिला घेऊन चिपळूणला गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. शुक्रवारी फोन, बाकीचे दिवस टीव्ही. एक भीती मात्र त्यांच्या मनात घर करून बसली होती. साबणावरून पाय घसरून आपण न्हाणीघरात पडलो, तर कुणाला कळणार? ऑफिसला कळेल, पण तेही साहेबाला गोदामाची किल्ली हवी असेल तेव्हा. वरच्या मजल्यावरचे चंद्रशेखरही एकटेच राहत. जिन्यात भेटले की दोघं एकमेकांना "हं" म्हणत आणि आपापल्या कुलपाकडे जात.

संध्याकाळी घरी आले की आंघोळीसाठी जनार्दनराव व्हॉल्व्ह उघडत आणि उघडला की तो गळे. पाणी फरशीतून झिरपून खाली नूरबानूच्या स्वयंपाकघरात पडे. नूरबानू रत्नागिरीकडची, तोंडानं फटकळ. ती हातातला कालथा पाण्याच्या पाइपवर दोनदा आपटी. तो पाइप सगळ्या मजल्यांतून उभा गेलेला, त्यामुळे ठणठणाट थेट जनार्दनरावांच्या कानाशी होई. पाठोपाठ खिडकीतून आवाज येई.

"ओ भावजी! कालवनात पानी पडतंय! पातळ करायचं तर मी करीन की, तुमी कशाला तरास घेता?"

"झालंच भाभी, झालंच!" असं ओरडत जनार्दनराव घाईघाईनं आंघोळ उरकून व्हॉल्व्ह बंद करत.

घरमालकाच्या माणसाला सांगितलं, तर तो "बुकरा, इन्शाल्ला" म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या, हे जनार्दनरावांना ठाऊक होतं. पण असे बरेच उद्या येऊन गेले. शेवटी त्यांनी स्वतःच पाना हातात घेतला. नट फिरला, पण पाण्याला आणखी जोर आला. घाबरून त्यांनी कपाटातून हाताला लागला तो मनालीचा शाळेचा जुना टाय काढला आणि व्हॉल्व्हला करकचून बांधला. टाय भिजला, पाण्याला टायवरून नवी वाट सापडली आणि ते नेमकं खालच्या ट्यूबलाइटवर पडलं. थोड्याच वेळात नूरबानूचा नवरा जहूर टॉर्च घेऊन वर आला.

"जनार्दनभाई, अंधारात बांगडा खाल्ला. काटा कुठला नि बोट कुठलं कळंना. आता खलास करा हे."

जनार्दनराव शरमेनं अर्धे झाले. त्यांनी व्हॉल्व्ह कायमचा बंद करून टाकला. सकाळी बादली भरून ठेवायची, संध्याकाळपर्यंत ती निवते. कुणाला त्रास नको. पहिल्या संध्याकाळी कालथा वाजला नाही तेव्हा त्यांना मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून कानोसा घेतला. खालून काहीच आलं नाही. दिवसभरात आपल्याशी हक्कानं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं आणि त्याचंही तोंड आपणच बंद केलं, हे लक्षात येऊन त्यांना फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी ते असेच बादलीनं आंघोळ करत होते. खोलीतला एसी घरघरत होता आणि एकटेपणा घालवायला ते स्वतःही मोठ्यानं गात होते. इतक्यात धाडकन आवाज झाला. टॉवेल गुंडाळून, तांब्या उगारून ते बाहेर धावले. दाराची कडी जमिनीवर पडली होती. जहूर खांदा चोळत उभा होता आणि त्याच्यामागे कालथा घेतलेली नूरबानू.

"जिवंत हायत," जहूर म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी तक्रारच होती.

"किती दार बडवलं! पानी बंद करायचं तर सांगायचं नाय?" नूरबानू कडाडली.

"अहो भाभी, पाणी पडतं म्हणून तुम्हीच तर रोज ओरडायचात!"

"ओरडनार नाय तर काय करनार? पन पानी पडलं की कळायचं, भावजी घरी आले. मग मी भाकरी टाकायची. परवापासनं थेंब नाय! चपला भायेर दिसतात नि मानूस गप! माझा जीव थाऱ्यावर नव्हता!"

डोळ्यांत साबण गेल्याचं निमित्त होतं, ते जनार्दनरावांनी पुरेपूर वापरलं. डोळे पुसून पाहतात तो जिन्याच्या वरच्या पायरीवर चंद्रशेखर उभे. आवाज ऐकून खाली आलेले. त्यांनी मोडलेली कडी पाहिली, टॉवेल पाहिला, कालथा पाहिला आणि "हं" म्हणून ते वर निघून गेले.

शुक्रवारी जहूरनं नवा व्हॉल्व्ह बसवला आणि नवी कडीही. जनार्दनराव पाना धरून नुसते उभे होते. गळती थांबली, तेव्हा नूरबानूनं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं फर्मान काढलं, "आता घरी आलात की पाइपवर दोन ठोके मारायचे. नायतर कडी पुन्हा तुटंल."

शनिवारी घरात पाऊल टाकताच त्यांनी पान्यानं पाइपवर दोन ठोके मारले. खालून लगेच कालथा वाजला, ठण ठण. जनार्दनराव एकटेच हसले आणि टॉवेल घ्यायला वळले.

तेवढ्यात पाइप पुन्हा वाजला. हळूच, अडखळत, दोनदा. हा आवाज खालून नव्हता. जनार्दनराव छताकडे पाहत राहिले, मग त्यांनी पुढे होऊन पान्याचे दोन ठणठणीत ठोके परत दिले.

"ओ भावजी!" खिडकीतून नूरबानू ओरडली. "आता आनखी काय झालं?"

"काही नाही, भाभी!" जनार्दनराव आनंदानं ओरडले. "वरचे घरी आलेत!"