सीमोल्लंघनाचे ब्रेक

प्रतापरावांनी ठरवलं, लाल गाडीचे पुढचे ब्रेक बदलायचे. ठरवलं म्हणजे ठरवलं. बंगळूरच्या बसवनगुडीतला नंदी देवळातून उठून आला असता तरी तो निर्णय फिरला नसता.

गाडी दोन सीटची, उघडी, पन्नास सालच्या आसपासची विलायती. चिकमगळूरच्या एका कॉफीच्या मळ्यात तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. प्रतापरावांनी तिला तिथून उचललं आणि आपल्या गॅरेजात पुन्हा माणसांत आणलं. इंजिन वाघासारखं गुरगुरायचं. थांबणं मात्र तिच्या मर्जीवर. गांधी बाजारात पाय दाबावा आणि तिने पुढल्या चौकात थांबण्याचा विचार करावा. जुने ड्रम ब्रेक, दुसरं काय!

म्हणून त्यांनी भंगारातल्या एका नव्या गाडीच्या डिस्क आणल्या. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी ताटली आणि तिला दोन्हीकडून चिमटणारे पॅड, एवढाच खेळ. पण ती जुन्या चाकाला बसवायची म्हणजे पट्ट्या कापणं आलं, भोकं जुळवणं आलं. सगळं त्यांनी स्वतःच्या लेथवर केलं. दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. (वरची कवळी डॉक्टरने दिली तशी बसेना, तेव्हा तीही त्यांनी घरी कानशीने घासून बसवली होती. ते गप्प असले की ती छान बसायची.)

हे सगळं प्राणेशच्या कानावर गेलं. हा बेळगावकडचा तरुण, कोरमंगलात कॉम्प्युटरची कंपनी. त्याने अशीच एक निळी गाडी घेतली होती.

"अण्णा, होसकोटेला मोठं वर्कशॉप आहे. गाडी तिथे द्यावी म्हणतो. ते म्हणाले, प्रतापराव जुन्या काळचे मेस्त्री, त्यांना डिस्क जमायच्या नाहीत."

प्रतापरावांची मिशी थरथरली. "दसऱ्याला माझ्या शेजारी बस. मग कुठे द्यायची तिथे दे."

खंडेनवमीला त्यांच्या घरी पलटणीची शिस्त. टेबलावर आजोबांची तलवार, पाने, हातोड्या, बायको शारदाबाईंची विळी आणि मधोमध मानाने त्या दोन डिस्क. पूजेआधी हत्यारांना तेल लावायचं, हा घराण्याचा रिवाज, आणि ते काम बायकोचं, हाही रिवाजच.

"अहो, या ताटल्यांनाही तेल?" शारदाबाईंनी विचारलं.

प्रतापरावांनी पेपरातून मान वर केली नाही. "टेबलावर लोखंड म्हणून जे जे आहे, त्या सगळ्याला. दरवर्षी सांगायचं का?"

"सरी, लावते," म्हणून शारदाबाई शेंगतेलाची वाटी घेऊन बसल्या. हात सढळ. घरातले वडेही असेच व्हायचे.

नवमीला हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून डिस्क दसऱ्याच्या सकाळी चढल्या. पूजेचं कुंकू पुसू नये, म्हणून प्रतापरावांनी फडकं फिरवलं नाही. डिस्क अशा चकाकत होत्या की त्यांचा ऊर भरून आला. 'याला म्हणतात हात,' ते मनाशी म्हणाले.

"आधी गल्लीत ट्रायल घेता का?" शारदाबाईंनी सुचवलं.

"ट्रायल होसकोटेवाले घेतात."

त्यांनी ऐटीसाठी पुढची काच बॉनेटवर आडवी पाडली, प्राणेशला शेजारी बसवलं आणि नंदीच्या देवळापर्यंत गाडी झोकात चढवली. चढाला ब्रेक लागतो कशाला? वर वळून ते उताराला लागले.

"आता बघ," म्हणत त्यांनी पाय दाबला. गाडी खूश होऊन आणखी पळू लागली. त्यांनी पुन्हा दाबला.

"अण्णा, कुणीतरी वडे तळतंय. मस्त वास सुटलाय," प्राणेश म्हणाला.

प्रतापरावांनी वास घेतला. शेंगतेल! आपल्याच घरचं! डोळ्यांपुढे वाटी आली, टेबल आलं, आणि लगेच खरोखरच समोर आला तो उताराखालच्या कोहळेवाल्या रघुपतीचा ढीग. गाड्यांपुढे फोडायला लोक दसऱ्याला कोहळे नेतात. आज गाडीच स्वतः आली होती. प्रतापरावांनी गियर पाडला, हँडब्रेक उपसला, आणि गाडी सावकाश, मानाने, ढिगात शिरली. चार-पाच कोहळे एकदम फुटले.

"अण्णा, एक पुरतो!" रघुपती ओरडला.

प्राणेश उतरला. "अण्णा, मी स्वल्प चालत जातो."

घरी आल्याआल्या प्रतापराव गरजले, "डिस्कला तेल कोणी लावलं?"

"मी."

"कोणी सांगितलं?"

शारदाबाईंनी त्यांच्या पेपराकडे बोट दाखवलं. प्रतापरावांनी आवाज खाली घेतला आणि स्पिरिटची बाटली शोधू लागले. डिस्क धुतल्या, पुन्हा धुतल्या, पॅड नवे घातले. आणि मग (हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही) मागच्या अंगणात गुपचूप ट्रायल घेतली.

प्राणेशला पुन्हा बोलावलं. तो गाडीपासून लांब, रस्त्याच्या कडेला रघुपतीजवळ उभा राहिला. "या वेळी अक्का बसतील. त्या जिवंत आल्या तर निळी गाडी तुमच्याच गॅरेजला."

"मी बसते," शारदाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दाराची कड धरली.

लाल गाडी उतारावरून वाघासारखी आली. रघुपती कोहळे सोडून पळाला. ढीग अगदी समोर आला तेव्हा प्रतापरावांनी पाय दाबला. गाडी ढिगापासून वीतभर अंतरावर जागच्या जागी खिळली. किंचाळली नाही, भरकटली नाही, एक कोहळा हलला नाही. असा ब्रेक बसवनगुडीने पाहिला नव्हता.

"अण्णा, जिंकलात!" प्राणेश धावत आला. "उद्याच गाडी आणून लावतो!"

प्रतापराव ताठ उभे राहिले. होसकोटेला काय निरोप द्यायचा तो त्यांनी कधीचा घोकून ठेवला होता. त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

रघुपती ढिगात वाकला आणि दोन कोहळ्यांमधून काहीतरी चिमटीत धरून वर आला. "अण्णा, ही कवळी तुमचीच का? आडव्या काचेवरून उडत आली."

प्रतापरावांनी हात पुढे केला.

शारदाबाईंनी पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "तेल होतं तेव्हा दात तरी तोंडात होते."